शिवारातील सौर वीजकेंद्र आणि त्याच्या विजेचा हिशेब

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक गावांच्या शिवारात, बहुधा मुरमाड वा पडीक जमिनीवर, निळसर काळ्या काचेच्या तावदानांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या आहेत. सभोवार तारेचे कुंपण, एका कोपऱ्यात रोहित्र, आणि आत माणूस म्हणावा तर एखादा राखणदार. धूर नाही, फिरते चाक नाही, घरघर नाही. आणि तरीही तेथे वीज तयार होते असे गावात सांगितले जाते. साहजिकच ग्रामस्थांच्या मनात शंका उत्पन्न होतात, आणि त्या शंका अखेरीस शाळेच्या ओट्यावर येऊन पोचतात. “गुरुजी, तीन मेगावॉटचं केंद्र आमच्या उशाला आहे म्हणतात, मग भरदुपारी गावातली लाइट कशी जाते?” “बाई, आभाळ आलं म्हणजे हे बंद पडतं का?” अशा प्रश्नांना शिक्षकाने अंदाजाने उत्तर देणे बरे नव्हे. योग्य उत्तरास लागणारे गणित चौथी ते सातवीच्या गणितापलीकडचे नाही. मात्र त्यातील दोन मोजमापे एकमेकांपासून वेगळी ठेवावी लागतात, आणि तेथेच पुष्कळ सुशिक्षितांचीही गल्लत होते.

प्रथम या केंद्रांची थोडी पूर्वपीठिका. आपल्या राज्यात शेतीपंपांना वीज चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे. आठवड्यातील काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्यास थंडीत, चिखलात, विंचूकाट्यात दारे धरण्यास जावे लागते. पुष्कळ भागांत आता बिबट्याचेही भय आहे. ही गोष्ट शिक्षकास वेगळी सांगावयास नको. बापाला बॅटरी दाखवीत रात्री बांधावर उभा राहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या घेतो, किंवा येतच नाही, आणि हजेरीपत्रकात त्याची नोंद केवळ ‘गैरहजर’ अशी होते. शेतीला दिवसा वीज द्यावयाची, आणि ती शेताजवळच सूर्यप्रकाशापासून निर्माण करावयाची, या हेतूने राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली. २०२३ साली तिला नवे व विस्तृत रूप देण्यात आले. या नव्या रूपातील पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ साली सुरू झाला. त्याची क्षमता ३ मेगावॉट आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात धोंदलगावसह नांदेड, कोल्हापूर, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील मिळून १९ मेगावॉटच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले. पुढील विवेचनात धोंदलगावएवढेच, म्हणजे ३ मेगावॉटचे केंद्र समोर ठेवले आहे. आपल्या गावचे केंद्र २ किंवा ५ मेगावॉटचे असल्यास शिक्षकांनी त्या प्रमाणात आकडे बदलून घ्यावेत.

आता मुख्य मुद्दा. मेगावॉट म्हणजे काय आणि युनिट म्हणजे काय? विहिरीवरच्या पंपाची उपमा येथे फार उपयोगी पडते. नळीतून पडणारी धार किती जाड आहे, हे एक मोजमाप. हौदात संध्याकाळपर्यंत किती पाणी साठले, हे दुसरे. धार जाड असली पण पंप घटकाभरच चालला, तर हौद रिकामाच राहतो. वॉट, किलोवॉट, मेगावॉट ही विजेच्या धारेची मापे होत. युनिट हे हौदातल्या पाण्याचे माप होय. एक हजार वॉट म्हणजे एक किलोवॉट, आणि एक हजार किलोवॉट म्हणजे एक मेगावॉट. एक किलोवॉटची धार एक तास वाहिली म्हणजे एक युनिट होते. घरच्या मीटरवर जो आकडा फिरतो तो युनिटांचा. शंभर वॉटचा जुना दिवा दहा तास जळला तरी एकच युनिट, आणि एक किलोवॉटची इस्त्री एक तास तापवली तरी एकच युनिट. हे उदाहरण मुलांना एकदा फळ्यावर करून दाखविले म्हणजे पुरते.

यावरून ३ मेगावॉटचे केंद्र पूर्ण जोराने एक तास चालले, तर ३,००० युनिटे वीज देईल. येथवर कोणी चुकत नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘तासाला ३,००० तर चोवीस तासांत ७२,०००’ असा त्रैराशिकाचा हिशेब मांडला जातो, आणि मग एवढी वीज जाते कोठे, कोण खातो, असा संशय गावात पसरतो. त्रैराशिक बरोबर आहे. पण धार दिवसभर सारखी राहते हे जे त्यात गृहीत धरले आहे, ते चूक आहे. सूर्य चोवीस तास नसतो, आणि असतो तेव्हाही सदैव माथ्यावर नसतो.

महाराष्ट्रात अशा केंद्राकडून वर्षभरात सरासरीने त्याच्या पूर्ण क्षमतेच्या सुमारे १९ टक्के वीज मिळते असे धरून हिशेब केला जातो. वर्षाचे तास ८,७६०. त्यांना ३,००० ने गुणून त्याचे १९ टक्के काढले, तर वर्षाकाठी सुमारे ५० लाख युनिटे येतात. म्हणजे दिवसाची सरासरी साडेतेरा हजारांच्या किंचित वर. कोठे ७२,००० आणि कोठे साडेतेरा हजार! पण यात कोणी काही खाल्लेले नाही. साडेतेरा हजारांना ३,००० ने भागले असता साडेचार येतात, आणि हाच आकडा मुलांच्या ध्यानी राहण्यासारखा आहे: सूर्याच्या साऱ्या दिवसभराच्या कमी-अधिक धारेची बेरीज ही पूर्ण धारेच्या साडेचार तासांएवढी भरते. औष्णिक केंद्राचे एक मेगावॉट आणि सौर केंद्राचे एक मेगावॉट यांची तुलना वर्तमानपत्रांत सर्रास केली जाते. ती वाचताना शिक्षकांनी हा साडेचार तासांचा आकडा विसरू नये.

या साऱ्याच्या मुळाशी असलेले काचेचे तावदान, ज्यास पॅनेल म्हणतात, ते काय करते? त्यात सिलिकॉन नावाच्या पदार्थाच्या पातळ चकत्या असतात. प्रकाश त्यांवर पडला की त्यांतील इलेक्ट्रॉन हलतात आणि वीज वाहू लागते. प्रकाशाने वीज उत्पन्न होते हे फ्रान्समधील बेकेरेल या शास्त्रज्ञास १८३९ सालीच दिसून आले होते. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा घट मात्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. तो आपल्यावर पडलेल्या प्रकाशाच्या सुमारे ६ टक्के भागाचीच वीज करी. आजचे पॅनेल पाचव्या हिश्श्याची करते. सुमारे अडीच चौरस मीटरच्या एका पॅनेलवर स्वच्छ उन्हात अडीच हजार वॉट प्रकाश पडतो, त्यातून साडेपाचशे वॉटच्या आसपास वीज निघते. उरलेल्याचा बहुतेक भाग उष्णता होऊन जातो. साडेपाचशे वॉटचे एक याप्रमाणे ३ मेगावॉटला किती पॅनेले लागतील, हा भागाकार सहावीच्या मुलांना द्यावा. उत्तर सुमारे ५,४५० येईल. प्रत्यक्षात मोजणाऱ्यास अधिक आढळतील. पॅनेलावर छापलेला आकडा प्रयोगशाळेतील आदर्श स्थितीतला असतो, शिवारात तो क्वचितच हाती येतो. यास्तव केंद्राच्या क्षमतेहून अधिक वॉटची पॅनेले मांडण्याची पद्धत आहे.

छापील आकडा हाती का येत नाही याचे एक कारण ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, असा सर्वांचा समज. पण पॅनेलास प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याची छापील क्षमता २५ अंश तापमानास धरलेली असते, आणि त्यावर प्रत्येक अंशास तिच्यात सुमारे एक-तृतीयांश टक्क्याची घट होते. एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते. म्हणजे ३५ अंशांची वाढ, आणि जवळजवळ १२ टक्क्यांची घट. तेच पॅनेल फेब्रुवारीतल्या थंड व निरभ्र दिवशी अधिक मोकळेपणाने काम करते. उन्हाळ्यात दिवस मोठा असल्याने एकूण वीज तरीही चांगली मिळते, ही गोष्ट वेगळी.

दुसरे कारण धूळ. फाल्गुनापासून मृगापर्यंत आपल्या शिवारात जी धूळ उडते, ती काचेवर बसते आणि प्रकाश अडविते. म्हणून पॅनेले धुवावी लागतात, तीही सकाळी लवकर किंवा सायंकाळी. तापलेल्या काचेवर थंड पाणी पडल्यास ती तडकण्याचा संभव असतो. क्षारयुक्त पाण्याने धुतल्यास काचेवर पांढरे डाग राहतात. टंचाईच्या गावात हे धुण्याचे पाणी कोठून आणतात, असे ग्रामस्थांनी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे, आणि तो केंद्र चालविणाऱ्यास विचारावा.

ढगाळ दिवशी केंद्र बंद पडत नाही. आभाळातून गाळून आलेल्या प्रकाशावरही ते चालते, पण धार फार बारीक होते. आषाढ-श्रावणात महिन्याची बेरीज वर्षातील सर्वांत कमी येते. सुदैवाने त्या दिवसांत पाऊस पडत असेल तर पंपांनाही विजेची ओढ कमीच असते. पाऊस न पडता नुसते आभाळ भरून राहिले, तर मात्र पिके तहानलेली व केंद्र मंद, अशी अडचण होते.

दिवसभरातील चढउतार मुलांना आलेखाने दाखविणे उत्तम. मार्चमधील निरभ्र दिवस घ्यावा. सकाळी आठला धार पूर्णाच्या चतुर्थांशाच्या आसपास असते, मग झपाट्याने वाढते, दुपारी चारला निम्म्यावर उतरलेली असते, दिवेलागणीस शून्य. आलेखाचा माथा बरोबर बाराला येत नाही, हे चाणाक्ष मुलाच्या लक्षात येईल. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेनुसार लावलेली आहेत. वैजापूरचा परिसर त्याच्या पश्चिमेस सुमारे पावणेआठ अंश आहे, आणि प्रत्येक अंशास चार मिनिटे या हिशेबाने तेथे सूर्य माथ्यावर यावयास घड्याळात साडेबारा वाजतात. भूगोलाच्या तासाला रेखांश व वेळ हा पाठ रुक्ष होतो अशी तक्रार असते. गावच्या वीजकेंद्राच्या आलेखावरून तो शिकविला तर बहुधा तशी राहणार नाही.

पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून तिरपी का बसवितात, याचेही उत्तर शाळेच्या अंगणात मिळते. मीटरभर उंचीची काठी उभी रोवावी आणि माध्यान्ही तिची सावली मोजावी. वैजापूरसारख्या सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावरील गावी २२ डिसेंबरला ही सावली ९५ सेंटीमीटरच्या घरात भरते, कारण सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो. मेच्या २० तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या २३ तारखेच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येऊन सावली काठीच्या पायाशी लुप्त होते. यांपैकी पहिला दिवस सुटीत जातो व दुसरा ढगांत, हे शिक्षकांचे दुर्दैव. वर्षाचा बहुतेक काळ सूर्य माध्यान्ही दक्षिणेस असल्यामुळे पॅनेलाचे तोंडही दक्षिणेस, आणि त्याचा कल साधारणतः गावच्या अक्षांशाएवढा.

आता गावकऱ्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. केंद्र उशाला असता भरदुपारी गावातील वीज का जाते? पॅनेलातून निघणारी वीज एकाच दिशेने वाहणारी असते. ती इन्व्हर्टर नावाच्या यंत्रात सेकंदाला ५० आवर्तने करणाऱ्या उलटसुलट प्रवाहात बदलली जाते, रोहित्रात तिचा दाब वाढविला जातो, आणि मग ती जवळच्या उपकेंद्रात जाते. तेथून शेतीपंपांची वाहिनी निराळी आणि गावठाणाची वाहिनी निराळी. सौर केंद्राची आखणी शेतीच्या वाहिनीसाठी झालेली आहे. गावठाणाच्या वाहिनीवर खांब पडला वा तार तुटली, तर शेजारी किती वीज निर्माण होते याचा तेथे काही उपयोग होत नाही.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, मुख्य जाळ्यातील वीज गेली तर हे केंद्रही तत्क्षणी स्वतःला बंद करून घेते, मग ऊन कितीही लखलखीत असो. यात दोष नाही, ही योजना जाणूनबुजून केलेली आहे. लाइनमन खांबावर चढतो तो तार मृत आहे या विश्वासाने. त्याच वेळी शिवारातील केंद्राने त्या तारेत वीज सोडली, तर तो प्राणास मुकेल. यास्तव जाळ्यात वीज असल्याचे जाणवल्याखेरीज इन्व्हर्टरने बाहेर वीज सोडू नये, असाच नियम आहे. लाइनमनचे मूल आपल्याच शाळेत असेल, तर ही बाब वर्गात सांगताना अधिक स्पष्टीकरणाची गरज पडू नये.

या केंद्रावर पंप किती चालतील? पाच अश्वशक्तीच्या मोटारीस ३,७३० वॉट कामासाठी लागतात; मोटारीतील घट धरून ती साडेचार ते पावणेपाच किलोवॉट खेचते. ३,००० ला त्याने भागले, तर भरदुपारी साडेसहाशेच्या आसपास पंप एकाच वेळी चालू शकतील. सकाळी आठला मात्र त्याच्या चतुर्थांशच. मग उरलेल्यांनी काय करावे? काही करावयास नको. उपकेंद्र मोठ्या जाळ्याशी जोडलेले असल्याने तूट तिकडून भरून येते, आणि दुपारी पंप बंद असतील तर जास्तीची वीज तिकडे जाते. रात्री मात्र केंद्रातून काही मिळत नाही. वीज साठविणारे मोठे संच निघाले आहेत, पण शेतीच्या वाहिनीसाठी उभारलेल्या बहुतेक लहान केंद्रांत ते नाहीत. औष्णिक केंद्रात एका युनिटास साधारणतः दोन-तृतीयांश किलो कोळसा जळतो; त्या मानाने ५० लाख युनिटांमागे वर्षास तीन हजार टनांहून अधिक कोळसा वाचतो, हेही हिशेबात धरावे.

जमिनीचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, आणि टाळूही नये. एक मेगावॉटला साधारणतः चार ते पाच एकर जागा लागते; तीन मेगावॉटला बारा ते पंधरा एकर. खाजगी जमीन भाड्याने घेतल्यास हेक्टरी वर्षास १,२५,००० रुपये आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ, असा योजनेचा दर आहे. दहाव्या वर्षीचे भाडे किती, हा चक्रवाढीचा प्रश्न सातवी-आठवीस द्यावा. उत्तर १,६३,००० रुपयांच्या थोडे वर येते. कोरडवाहू शेतकऱ्यास हे उत्पन्न आश्वासक वाटल्यास नवल नाही. गायरानावर केंद्र उभे राहते तेव्हा मात्र गणित निराळे होते. ग्रामपंचायतीस वर्षास ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान देण्याची तरतूद आहे. पण ज्या घरची चार शेरडे त्या माळावर चरत होती, त्या घरच्या चुलीपर्यंत ते पोचतेच असे नाही. कित्येक गावांत यावरून विरोध झालेला आहे. अशा घरातील मूल वर्गात बसलेले असता केवळ लाभाचाच पाढा वाचणे उचित नव्हे. पंधरा एकरांत पूर्वी काय होते, किती जनावरे चरत, आता ती कोठे जातात, याची नोंद मुलांकडून करवून घ्यावी. तीही युनिटांच्या नोंदीशेजारीच.

केंद्र पाहावयास मुले नेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केंद्र चालविणाऱ्याची परवानगी अगोदर घ्यावी आणि माहितगार माणूस बरोबर असल्याखेरीज कुंपणाच्या आत जाऊ नये. आत गेल्यावर सर्वप्रथम मीटरवरील आजचा व कालचा आकडा टिपून घ्यावा, म्हणजे शाळेत परतल्यावर साडेचार तासांचा हिशेब पडताळता येईल. जाळ्यातील वीज गेलेली असली तरी पॅनेलांच्या जोडतारांत दिवसाउजेडी हजार ते दीड हजार व्होल्टचा दाब असू शकतो; ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही. म्हणून ‘लाइट गेली आहे, आता हात लावायला हरकत नाही’ ही गावातील समजूत येथे घातक ठरते, आणि ती मुलांना निघण्यापूर्वीच वर्गात समजावून द्यावी. रांगांच्या मधून धावू देऊ नये. फुटके तावदान दिसल्यास त्यापासून दूर राहून राखणदारास कळवावे. मार्च महिन्यात सकाळी नऊच्या आत जाऊन दहापर्यंत परतणे सोयीचे; तेवढ्या वेळात मीटरचा आकडा कसा चढू लागतो हे मुलांना पाहावयास मिळते.